मदत हवी आहे: घराखाली कापडाचे यंत्रमाग चालतात, पोटातल्या बाळाला त्रास होतो का?

सायली_इचलकरंजी: लवकर सांगा कुणीतरी. घराखालीच माग आहेत, दिवसरात्र खटखट, मला सवय आहे हो, पण परवा बाळ एकदम दचकल्यासारखं हललं आणि तेव्हापासून झोप नाही. कानात बोळे घालते, ते पुरेत का? सासूबाई म्हणतात आमची चार पोरं याच आवाजात झाली.

माधुरी_ताई: कितवा महिना? नुसतं वर राहता का खाली कामालाही जाता?

दोघांची_आई: पोटावर हेडफोन ठेवून रोज तासभर शांत संगीत लावा, मी दोन्ही वेळा केलं, मुलं हुशार आहेत.

सिस्टर_कोल्हापूर: हेडफोन नको, आधीच आवाज त्यात अजून कशाला! २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान बाळ आवाजाला दाद द्यायला लागतं, दचकलं म्हणून घाबरू नका. बारीक किनरा आवाज पोट आणि गर्भजलात बराच अडतो, पण खर्जातला घुमणारा धडधडाट जवळपास तसाच आत जातो. बोळ्यांनी तुमचे कान वाचतात, बाळाचे नाही.

दोघांची_आई: मग अभिमन्यूने पोटात ऐकलं ते खोटं का?

सिस्टर_कोल्हापूर: ऐकू जातं म्हणूनच सांभाळायचं ना ताई.

पुणेकर७: गणपतीतल्या डीजेचं बघा आधी. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंदच पाहिजे, ११२ ला फोन करा.

माधुरी_ताई: दादा, इथे माग चाललेत, डीजे नाही.

मागवाला: आम्ही मागाखाली रबरी पॅड टाकलेत, वरच्या मजल्यावरचा हादरा बराच कमी झाला.

सायली_इचलकरंजी: सातवा लागलाय. आठ माग आहेत, धोट्याचे, म्हणजे आडवा धागा नेणारा धोटा आपटत जातो तसले. आणि दुपारी तीन-चार तास कांड्या (धोट्यात बसणारी सुताची रिळं) भरायला मी खाली जाते, ते लिहायचं राहिलं.

सिस्टर_कोल्हापूर: अगं हे आधी सांगायचं! धोट्याच्या मागाजवळ ९० डेसिबलच्या वर आवाज असतो. स्वीडनमधला २०१६ चा मोठा अभ्यास आहे, गरोदरपणात ८५ च्या वरच्या आवाजात पूर्णवेळ काम केलेल्या बायकांच्या मुलांना ऐकण्याचा दोष जास्त निघाला. तू अर्धवेळ जातेस, तरी खालचं काम आजच थांबव, झोपायची खोली मागांपासून लांबची घे, आणि तपासणीला जाशील तेव्हा डॉक्टरांना हे सगळं सांग. हालचाल कमी वाटली तर मात्र तारखेची वाट बघू नको, लगेच जा.

मागवाला: कांड्यांचं मशीन मागच्या खोलीत न्या की, वायर लांबवली की झालं.

माधुरी_ताई: त्या मशीनचाही आवाज असतोच ना दादा? दुसऱ्या कुणीतरी भराव्यात कांड्या.

सायली_इचलकरंजी: नणंदेला विचारलं, ती भरते म्हणाली. आत्ता लाईट गेलीय, सगळे माग बंद आहेत, आणि बाळ हलतंय. सावकाश, दचकून नाही.