मदत हवी आहे: विंडोज नव्याने टाकायचं आहे, पण इन्स्टॉलरला हार्ड डिस्कच दिसत नाही

फोंडेकर

नमस्कार मंडळी,

लॅपटॉप बहिणीचा आहे, डोकं मात्र माझं पिकलंय. इंटेलचा 12व्या पिढीचा प्रोसेसर, 512 जीबीची एनव्हीएमई एसएसडी, विंडोज 11. अपडेट चालू असताना वीज गेली. पावसात आमच्याकडे ती जातेच, त्यात बॅटरी जुनी, पाच मिनिटंही तग धरत नाही. तेव्हापासून 'ऑटोमॅटिक रिपेअर'च्या फेऱ्यातून मशीन बाहेरच येत नाही.

शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह बनवला. त्यावरून सुरू झालं, भाषा निवडून झाली, अटी मान्य केल्या, आणि विंडोज कुठे टाकायचं ती यादी आली तर रिकामी! खाली एवढंच की ड्राइव्ह सापडले नाहीत, ड्रायव्हर लोड करा. शिफ्ट-एफ10 दाबून काळ्या खिडकीत डिस्कपार्ट (डिस्कांची यादी दाखवणारं विंडोजचं साधन) उघडून 'लिस्ट डिस्क' करून पाहिलं. तिथेही फक्त पेनड्राइव्ह.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, मात्र एसएसडी नावानिशी दिसते. तरी इथल्या एका दुकानदाराने मशीन न उघडताच निकाल दिला, "डिस्क गेली मरे, नवी घालूंक जाय." नवी घालूही, पण डी ड्राइव्हवर आमच्या नाट्यमंडळाची संहिता आणि पार्श्वसंगीताच्या फाइली आहेत. संहितेच्या झेरॉक्स सगळ्या नटांकडे आहेत, संगीत दुसरीकडे कुठेही नाही. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की देवळात प्रयोग आहे.

डिस्क खरंच गेली असेल का? आणि डी ला धक्का न लावता विंडोज टाकता येईल का?

वाळपईचा

बायोसला दिसते ना? मग दुकानदाराचं मनावर घेऊ नका. 11व्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय चालू करूनच मशीन येतं. त्यात एसएसडी थेट विंडोजसमोर येत नाही, मध्ये इंटेलचा व्हीएमडी कंट्रोलर असतो. त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये बहुधा नसतो, म्हणून यादी रिकामी. कंपनीने विंडोज घालून दिलं तेव्हा तो ड्रायव्हर आधीच आत होता, त्यामुळे आजवर काही जाणवलं नाही.

लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून स्टोरेजखाली 'इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी'चा ड्रायव्हर शोधा. झिप असेल तर आधी उघडा, इन्स्टॉलर झिपच्या आत बघत नाही. नुसती सेटअप फाइल मिळाली तर ती डबल क्लिक करून उपयोग नाही, आतला फोल्डर बाहेर काढावा लागतो. आयएनएफ फाइल असलेला तो फोल्डर त्याच पेनड्राइव्हवर ठेवा. रिकाम्या यादीच्या पानावर 'लोड ड्रायव्हर', मग 'ब्राउज', मग तो फोल्डर. नावात व्हीएमडी असलेली ओळ निवडा.

पण त्याआधी डेटा. उबुंटूचा (ही एक लिनक्स प्रणाली) लाइव्ह पेनड्राइव्ह करा, तो डिस्कवर काही न टाकता पेनड्राइव्हवरूनच चालतो, आणि 'ट्राय' निवडा, इन्स्टॉल नको. लिनक्सच्या कर्नेलमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर असतो, त्यामुळे तिथे डिस्क दिसायला हवी. डी उघडला की संगीत बाहेरच्या डिस्कवर कॉपी. बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनचं, कुलूप असेल तर 48 आकडी रिकव्हरी की लागेल, ती बहुतेक बहिणीच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर मिळेल.

मापशेंकार

एवढा खटाटोप कशाला? बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा, दोन मिनिटांत यादी भरते. काही एसर मॉडेलांत तो पर्याय लपवलेला असतो, बायोसच्या मेन टॅबवर कंट्रोल-एस दाबलं की दिसतो.

वाळपईचा

कोऱ्या डिस्कवर टाकायचं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. एकाच एसएसडीच्या लॅपटॉपला व्हीएमडी असली काय, नसली काय. पण इथे आतलं विंडोज अजून दुरुस्त होण्याची थोडी आशा आहे, आणि व्हीएमडी बंद केली की ते निळ्या पडद्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून अडून बसणार. वर बिटलॉकर असेल तर की मागणार. पुन्हा चालू केली की आधीसारखं होतं, पण नवख्या माणसाला घाम फुटतो.

उद्या बायोसमध्येही डिस्क दिसेनाशी झाली, तर मात्र गोष्ट वेगळी. मग मशीन बंद करून, बॅटरीची वायर काढून, एसएसडी एकदा काढून नीट बसवून बघायची. आपल्या दमट हवेत पट्टीच्या सोनेरी टोकांवर डाग धरलेले मी पाहिलेत.

फोंडेकर

संगीत मिळालं! उबुंटूत डी सरळ उघडला, कुलूप नव्हतं. आता ड्रायव्हरही लोड झाला आणि यादी भरली, पण त्यात पाच ओळी: 100 एमबीची सिस्टिम, 16 एमबीची एमएसआर, दोन प्रायमरी आणि शेवटी रिकव्हरी. दोन प्रायमरींपैकी सी कुठली? इथे अक्षरं दिसत नाहीत. आणि विंडोज 11 सुरुवातीलाच इंटरनेट मागतं असं ऐकलंय, तेव्हा वायफाय चालेल ना?

वाळपईचा

साइजवरून ओळखा, उबुंटूत डी किती जीबीचा दिसला होता ते आठवा. सी ची तेवढी ओळ निवडून फॉरमॅट करा आणि त्याच ओळीवर नेक्स्ट. बाकीच्या चारांना हात लावू नका. फॉरमॅटऐवजी डिलीट दाबत बसलात तर मी जबाबदार नाही.

वायफायचा ड्रायव्हरही बहुधा नसेल. तो त्याच साइटवरून आत्ताच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. नाहीतर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, त्याला सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही. टचपॅड रुसला तर माऊस जवळ असू द्या.

मापशेंकार

आणि ते संगीत मंडळातल्या आणखी दोघांच्या फोनवर टाका हो, प्रयोगाच्या दिवशीही वीज जाईल.