एका बाकावरची वेगवेगळी घरं : पुण्यातल्या शालेय मैत्रीचा अनुभव धागा

कॅम्प, नाना पेठ, रास्ता पेठ, भवानी पेठ, कोंढवा, पिंपरी. इथल्या जुन्या शाळांचा हजेरीपट उघडला की एकाच पानावर कुलकर्णी, शेख, इराणी, लालवाणी, पिल्ले, डिसोझा, ओसवाल, पेणकर अशी आडनावं सापडतात. दहावी होऊन तीस-चाळीस वर्षं उलटली तरी यातली काही टोळकी एकमेकांच्या स्वयंपाकघरापर्यंत जातात. बाकीची ग्रुपवर सणाचं चित्र पाठवतात आणि तिथेच थांबतात. हा फरक नशिबाचा नाही असं मला मनापासून वाटतं, त्यामागे कामं असतात. म्हणून या धाग्यात आठवणी नकोत. काय करायचं, किती, कधी, कुठे चुकतं आणि का चुकतं, एवढं जाणत्यांनी लिहावं.

बॅचचं कॅलेंडर सांभाळणारे, कॅम्प

भेटीची तारीख हा पहिला खड्डा. बहुतेक बॅचेस डिसेंबरचा शेवटचा शनिवार धरतात आणि दोन चुका एकदम करतात. नाताळच्या आठवड्यात ख्रिश्चन मित्रांच्या घरी पाहुणे असतात आणि शनिवारी सूर्यास्तापर्यंत ज्यू मित्रांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो. जी घरं तो कडक पाळतात ती त्या काळात फोनही उचलत नाहीत, तेव्हा निरोप शुक्रवारी दुपारपर्यंत गेला पाहिजे. रविवारी सकाळी चर्चमध्ये मास (सामूहिक प्रार्थना) असतो, म्हणून रविवार साडेबारा-एक ही वेळ धरावी.

महिना कोणता? जानेवारी सोयीचा वाटतो, पण रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो. २०२८ पासून तो जानेवारीत शिरतो आणि २०३० मध्ये तर एकाच वर्षात दोनदा येतो, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार पुढची काही वर्षं बऱ्यापैकी मोकळा आहे. लग्नसराईची अडचण राहतेच, पण ती सगळ्यांना सारखी. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांमध्ये भेट ठेवूच नये, गाडी लावायला जागा मिळत नाही.

शुभेच्छांचंही एकदा नीट शिकून घ्यावं. ‘हॅपी पतेती’ हा मराठी माणसाचा ठरलेला घोटाळा. पतेती हा वर्षाचा शेवटचा, पश्चात्तापाचा दिवस. शुभेच्छा द्यायच्या त्या दुसऱ्या दिवशी, नवरोजला. पारशांचं शहेनशाही वर्ष ३६५ दिवसांचं, त्यात लीप दिवस नाही, म्हणून त्यांचा नवरोज दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे येतो. सध्या तो १५-१६ ऑगस्टच्या आसपास असतो. नंतर इराणमधून आलेल्या झरथुष्ट्री इराण्यांकडे मात्र २१ मार्चचा नवरोज मोठा. बोहरी (शिया मुसलमानांतला एक पंथ) मित्रांची ईद चंद्रदर्शनावर नसते, त्यांचं मिस्री पंचांग गणिताने चालतं. त्यामुळे भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेल्या तारखेच्या साधारण एक-दोन दिवस आधीच त्यांची ईद होऊन जाते. सिंधी चेटीचंड गुढीपाडव्याला लागूनच असतो, दोन्हीकडचं एका फेरीत होतं.

गुड फ्रायडे आणि मोहरमचे पहिले दहा दिवस हे शुभेच्छांचे दिवस नव्हेत. त्या दहा दिवसांत बोहरी कुटुंबं सकाळी वाअझला, म्हणजे धार्मिक प्रवचनाला, बसलेली असतात, तेव्हा कामाचा फोनही दुपारनंतर करावा.

कॅलेंडर एकाच माणसाने सांभाळावं. दहा जणांनी सांभाळलं की कुणीच सांभाळत नाही.

पंगतीचं बघणारी, नाना पेठ

पंचवीस माणसं, त्यात जैन, मुसलमान, बेने इस्रायल (मराठी ज्यू), शीख, पारशी, कोकणस्थ. ‘आपण सगळ्यांसाठी हलाल मटण आणू, प्रश्न मिटला’ असं कुणीतरी म्हणतंच. तो मिटत नाही. अमृतधारी (दीक्षा घेतलेले) शीख हलाल मांस खात नाहीत आणि काटेकोर ज्यू घरात मटणाबरोबर दही-तूप चालत नाही. सामिष करायचंच असेल तर खवल्यांचा मासा घ्या, रावस किंवा रोहू. माशाला कापण्याच्या पद्धतीचा प्रश्न येत नाही. कोळंबी-खेकडे ज्यू मित्रांना वर्ज्य आहेत. मासा वेगळ्या कढईत, वेगळ्या तेलात, वेगळ्या टेबलावर. आणि आधी शाकाहारी स्वयंपाक उरकून मग मासा, हा क्रम उलटा करू नका.

मुख्य जेवण सगळ्यांना चालेल असं करा. तोंडल्याचा मसालेभात सगळ्यांत भरवशाचा. पंचवीस माणसांना दोन किलो आंबेमोहोर, सव्वा किलो तोंडली, शंभर ग्रॅम गोडा मसाला, पाव किलो काजू, दोन वाट्या सुकं खोबरं. कांदा, लसूण, बटाटा नाही. आलंही नाही, ते कंद आहे. जैनांना सुंठ चालते, म्हणून कढीत सुंठ घाला. कढीला तीन लिटर ताक आणि दोनशे ग्रॅम बेसन. गोडा मसाला विकतचा घेत असाल तर पाकिटावर कांदा-लसूण वाचून घ्या, पुष्कळदा असतो. इथेच माझ्या पाहण्यात सगळ्यांत जास्त पंगती फसल्या आहेत, कारण भात झाल्यावर कुणीतरी पाकीट वाचतं.

बेकरीतून केक आणताना अंडं आहे का हे विचारायचं आणि खोक्यावर पेनाने लिहायचं. जेली, मार्शमॅलो, काही पुडिंगं यांत जिलेटिन असतं. ते जनावरापासून येतं, म्हणून टाळलेलं बरं.

वेळ. चौविहार पाळणारे जैन सूर्यास्तानंतर जेवत नाहीत आणि पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून रात्रीचं जेवण ठेवू नका. रमजानमध्ये नेमकं उलटं, रोजा सोडायचाच सूर्यास्ताला. एकाच घरात दोन्ही जमवायचं तर सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी जैन मैत्रिणींची पानं मांडा, त्यांचं आटोपलं की तेच टेबल पुसून खजूर, पाणी, फळं मांडा. दोन्ही पंगतींना वाढायला दोन्हीकडच्या मुली उभ्या राहतात. एवढी सुरेख संध्याकाळ दुसरी नसते.

बोहरी घरी थाळावर बसायचा योग आला तर : तिकटीवर एक मोठा थाळ आणि भोवती आठ जण. टोपी किंवा रुमालाने डोकं झाकायचं. यजमानांपैकी कुणीतरी चिलमची-लोटा (हात धुवायचं पात्र आणि पाण्याचा लोटा) घेऊन येतं, हातावर पाणी घालतं. ते घालू द्यायचं, ‘मी बेसिनवर धुतो’ म्हणायचं नाही. आधी चिमूटभर मीठ जिभेवर, मग गोड, मग तिखट, आणि पुन्हा मिठानेच शेवट. आपल्यासमोरचं खायचं आणि दाणा टाकायचा नाही. मित्राची आई पहिल्यांदा शिकवते, दुसऱ्यांदा बघते, तिसऱ्यांदा आपलं मानते.

निवृत्त वर्गशिक्षिका, पूर्व भागातली शाळा

मोठेपणी जे टिकतं त्याची बसण्याची जागा शाळा ठरवते. बाक दर आठवड्याला बदलू नयेत, मुलं ओळखीची होण्याआधीच उठतात. वर्षभर एकच ठेवले तर टोळी बनते. सहा आठवडे हा काळ बरोबर बसतो. गट पाडताना ‘चार धर्मांचे चार’ असं मुद्दाम करू नये, मुलांना ते लगेच कळतं आणि ती प्रदर्शनातल्यासारखी वागू लागतात. कामावरून पाडावेत. नकाशा काढणारा, मोजणारा, बोलणारा, सामान आणणारा.

मैत्री तुटण्याची एक जागा फार कमी लोकांच्या लक्षात येते, ती म्हणजे आठवीतली भाषा. संस्कृत, हिंदी, उर्दू, फ्रेंच अशी निवड झाली की वेळापत्रकाच्या सोयीसाठी शाळा त्यावरूनच तुकड्या पाडते. एका वर्षात संस्कृतची तुकडी एका रंगाची आणि उर्दूची दुसऱ्या रंगाची होते. उपाय सोपा आहे, पण वेळापत्रक लावणाऱ्याला एक दिवस जास्त बसावं लागतं. तुकडी मिश्र ठेवायची आणि फक्त भाषेच्या तासाला वर्ग फोडायचा.

नाव. हजेरी घेताना मूल स्वतःचं नाव कसं उच्चारतं ते ऐकून देवनागरीत लिहून ठेवावं. ‘खुर्शीद’चा ‘कुर्शीद’ झाला की तो दहा वर्षं तसाच राहतो. टोपणनाव समाजावरून पडलं असेल तर पहिल्याच आठवड्यात मोडावं, नंतर मोडत नाही. पंचविशीत ग्रुपवर तेच नाव पुन्हा उगवतं आणि ज्याचं असतं तो हसून घेतो आणि हळूहळू यायचा बंद होतो.

सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन दहावीच्या परीक्षेत येतो आहे. रोजा ठेवणाऱ्या मुलाच्या मित्राला सांगावं की पेपरनंतर त्याच्यासमोर बाटली तोंडाला लावायला लाजू नकोस, पण ‘एक घोट घे ना’ असा आग्रह करू नकोस.

स्थानिक इतिहासाचा अभ्यासक, गंज पेठ

थोडक्यात लिहितो. पुण्यात या प्रश्नाला मोठी परंपरा आहे. स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुल्यांना सदाशिव बल्लाळ गोवंडे भेटले. एक माळी, एक ब्राह्मण. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा अपमान झाला. त्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि गोवंडे या कामात सोबत होते. फुल्यांना घर सोडावं लागलं तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमा शेख सावित्रीबाईंबरोबर शिकवू लागल्या. पुढे १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसकट अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झालं. साध्या चहासाठी. जोतीराव आणि गोवंडे यांच्यात टिकलं ते हाती एक काम होतं म्हणून, असं माझं वाचन आहे. निव्वळ एकमेकांबद्दल आदर असलेल्या मैत्र्या त्या वरातीतच संपल्या असत्या.

दुःखाच्या प्रसंगी धावणारे, रास्ता पेठ

शाळेतला मित्र सणाला गेला नाही तर चालतं. मयताला गेला नाही तर लक्षात राहतं. आणि बहुतेक जण जात नाहीत ते तिथे कसं वागायचं हे माहीत नसतं म्हणून.

मुस्लिम घरी दफन शक्यतो त्याच दिवशी होतं. निरोप आल्यापासून हातात तीन-चार तास असतात, तेव्हा ‘संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर’ म्हणू नका. कब्रस्तान कोणतं आणि नमाज कितीची, हे दोनच प्रश्न विचारा. नमाजेच्या वेळी मागे शांत उभं राहायचं. कांधा द्यायला सहसा कुणी अडवत नाही आणि तीन मुठी माती देता येते. पुढचे तीन दिवस त्या घरी चूल पेटवत नाहीत, जेवण बाहेरून येतं. डबा न्यायचा तर घरातल्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी मिळून न्यावा, दहा-बारा माणसांचा. शाकाहारी घरातून गेलेला वरण-भात, भाजी-पोळी तिथे आवडीने खाल्ली जाते.

पारशी मित्राकडे डुंगरवाडीला (पारशांच्या अंत्यविधीच्या जागी) जाताना पांढरे कपडे, डोक्यावर काहीतरी. मुख्य प्रार्थना सुरू होण्याआधीच चेहरा बघून घ्यायचा, त्यानंतर पारशेतरांना दर्शन घेता येत नाही. वेगळ्या मांडवात बसायचं आणि शेवटच्या चालण्यात अंतर ठेवून मागे राहायचं. हा नियम तुमच्याविरुद्ध नाही, तेव्हा मन दुखवून घेऊ नका.

ज्यू घरी सात दिवस शिवा, म्हणजे घरी बसून पाळायचा शोक, असतो. आपण होऊन बोलायला सुरुवात करू नये. घरचा माणूस बोलला की बोलावं. नाही बोलला तर नुसतं बसावं, वीस मिनिटं पुरतात.

आणि आपल्या मराठी हिंदू घरातली रीत इतरांना सांगायची राहून जाते ती सांगतो. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला आहे तिथे पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत, तो बाहेरून द्यायचा असतो. शाळेतल्या सिंधी, पारशी, मुसलमान मित्रांनी तो नेऊन द्यावा. अर्धा किलो चकली आणि अर्धा किलो चिवडा पुरे, मिठाईचा बॉक्स नको. दारात पणती नसते, त्यामुळे घर ओळखायला वेळ लागतो.

प्रत्येक मित्राच्या भावाचा, बहिणीचा किंवा बायकोचा नंबर जवळ ठेवा. वाईट बातमीच्या दिवशी मित्राचा स्वतःचा फोन लागत नाही.

ग्रुपचा अ‍ॅडमिन, पिंपरी

निवडणूक किंवा दंगलीची बातमी आली की कुणीतरी विखारी फॉरवर्ड टाकतोच. अ‍ॅडमिनला इतरांचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, तो काढावा. नंतर ग्रुपवर स्पष्टीकरण लिहू नये. टाकणाऱ्याला त्याच दिवशी फोन करावा, लिहून नव्हे. लिहिलं की ते पुढे जातं. आणि दुसरा फोन त्याहून महत्त्वाचा, जो गप्प झाला आहे त्याला. मोठा मजकूर नको. ‘घरी सगळे ठीक ना? मुलं शाळेतून आली ना?’ एवढंच.

निरोपांचा ग्रुप वेगळा आणि गप्पांचा वेगळा ठेवा. गप्पांच्या ग्रुपमधून माणूस बाहेर पडला तरी भेटीची तारीख त्याला कळत राहते. माणसं परत येतात ती बहुधा त्या दुसऱ्या दारानेच.

भाडेकराराची कामं करणारे, कोंढवा

वरच्या सगळ्यात एक गोष्ट राहिली. नाव ऐकून घर नाकारतात हे आपल्या शहरात रोज घडतं आणि मी ते टेबलाच्या या बाजूने बघतो. शाळेतला मित्र इथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो. घर बघायला त्याच्याबरोबर जा, फोन तुम्ही करा, पण नाव त्याचंच सांगा. तुमच्या नावावर घर बघून आयत्या वेळी त्याचं नाव पुढे केलं तर करार मोडतो आणि अपमान दुप्पट होतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना मालकाआधी भेटा, कारण नकार बहुधा तिथून येतो. मालक तयार झाला की टोकन त्याच दिवशी द्या आणि पावती घ्या, दोन दिवस गेले की कुणीतरी कान भरतं.

लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीला दोन साक्षीदार लागतात. एजंट स्वतःची माणसं देतो, पण मित्राने साक्षीदार व्हावं. आधार कार्ड आणायचं, अंगठा द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांचं काम. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो, तेव्हा दहाव्या महिन्यात आपण होऊन विचारायचं, ‘नूतनीकरणाला कधी येऊ?’