मदत हवी आहे: उबवणी यंत्र एक, पिल्लांना ऊब देणारा ब्रूडर एक, तरी दोन कप्प्यांतल्या कोंबड्यांची पिल्लं वेगळी का निघतात?

नमस्कार मंडळी. विट्याजवळ शेतात गावरान कोंबड्या आहेत. अंडी घरच्याच यंत्रात उबवून पिल्लं विकतो. एका कप्प्यात दुसऱ्या वर्षातल्या जुन्या कोंबड्या, दुसऱ्यात नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगा.

तलंगांची अंडी ३५-३६ ग्रॅमची. पिल्लं बारकी, पहिल्या आठवड्यात मर जास्त, जगतात तीही महिन्याला मागंच. जुन्यांची अंडी ४५ ग्रॅमच्या पुढं, पिल्लू दणकट. पण त्यातल्याच काहींची बोटं चौथ्या-पाचव्या दिवसापासून आत वळतात, मूठ मिटल्यासारखी. पिल्लू घोट्यावर बसून सरकतं. नजर तरतरीत, खाद्यावर तुटून पडतं, फक्त उभं राहत नाही.

तलंगांना नुसतं लेयर खाद्य आहे. जुन्यांना भाव परवडेना म्हणून निम्मा मका भरडा मिसळतो. पिल्लांना सगळ्यांना एकच स्टार्टर. दुकानदार म्हणतो मॅरेक्स (कोंबड्यांना लुळं पाडणारा विषाणूजन्य रोग), शेजारी म्हणतो कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या. यात वयाचं किती आणि खाद्याचं किती?

माळरान:
दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र धरू नका.

तलंगांचं कारण वय. पिल्लाचं वजन अंड्याच्या साधारण दोन-तृतीयांश भरतं, म्हणजे ३५ ग्रॅमच्या अंड्यातून २३-२४ ग्रॅमचंच पिल्लू निघणार. बलकाची शिदोरीही कमी, त्यामुळं ते लवकर गारठतं. सुरुवातीची अंडी खायला विका, आकार स्थिरावला की यंत्रात लावा. तोवर लावायचीच असतील तर त्या पिल्लांचं ब्रूडिंग वेगळं ठेवा. मोठ्या पिल्लांत ती खाद्यापर्यंत पोचतच नाहीत.

बोटांचं कारण बहुतेक खाद्य. ही लक्षणं रायबोफ्लेविनच्या, म्हणजे बी-२ च्या कमतरतेची. पिल्लू पहिले दिवस या जीवनसत्त्वासाठी मुख्यतः आईनं अंड्यात भरलेल्या साठ्यावरच असतं. लेयर खाद्य मुळात खायच्या अंड्यांसाठी बनवतात, ब्रीडर खाद्यात, म्हणजे उबवायची अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात, जीवनसत्त्वं त्याहून जास्त असतात. त्यात निम्मा भरडा घातला की उरलीसुरलीही निम्मी. कोंबडी अंडी देत राहते, तब्येतीनं ठीक दिसते, भोगतं पिल्लू.

कोंबडबाजार:
मॅरेक्स इतक्या लवकर दिसत नाही, तो काही आठवड्यांनी येतो. त्यात बहुधा एक पाय पुढं, एक मागं ताणलेला असतो. बोटं खाली न वळता नुसती बाजूला वाकडी असतील तर मात्र यंत्राचं तापमान आणि ब्रूडरची गुळगुळीत जमीन आधी तपासा.

अजून एक खूण. यंत्रात न फुटलेली अंडी फेकण्याआधी फोडून बघा. आतल्या पिल्लाची लव गाठी पडल्यासारखी, टोकाला जाडसर असेल तर बी-२ चा संशय पक्का धरा. आणि शेजारी अगदीच चूक नाही: जुन्या कोंबडीच्या अंड्याचं कवच पातळ होतं, कोंबडेही तेवढेच जुने असतील तर फळ कमी धरतं. पण त्यानं बोटं वळत नाहीत.

धागाकर्ता:
आताच फोडली. काहींची लव खरंच तशी आहे. वळलेली पिल्लं वाचतील का? आणि खाद्य बदलल्यावर फरक कधी दिसेल?

माळरान:
नुकती वळलेली असतील तर आजच पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स सुरू करा, बरीचशी सुधारतात. बरेच दिवस तशीच राहिली की नस कायमची जाते, मग उपयोग नाही. जुन्यांचा भरडा बंद करा, ब्रीडर खाद्य किंवा ब्रीडरचं प्रीमिक्स (खाद्यात मिसळायचं जीवनसत्त्वांचं मिश्रण) द्या, सोबत हिरवा लसूणघास. अंड्यात फरक पडायला दोनेक आठवडे धरा. तोवर त्या कप्प्यातली अंडी यंत्रात लावू नका, बाजारात न्या. खाणाऱ्याला त्यानं काही होत नाही. एवढं करूनही बोटं वळली तर ताजी मेलेली पिल्लं बर्फात घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. तपासणीसाठी पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, तिकडं नमुने कसे पाठवायचे ते दवाखान्यातच विचारा.