पेढीवर कोणी कट्टा घेऊन घुसलं तर अडवायचं की माल द्यायचा?

तालुक्यातला_सराफ: बाजारपेठेत छोटी पेढी आहे. काउंटरवर तिघं, दारात लाठीवाला वॉचमन. वडील म्हणतात काउंटरखाली कोयता ठेवा, भाऊ म्हणतो पिस्तुलाचा परवाना काढू, विम्याचा एजंट म्हणतो मुकाट्याने देऊन टाका. कोणाचं ऐकायचं?

अलार्मवाला: एजंटचं. कोयता आधी तिथून हलवा. कट्टा रोखलेला असताना काउंटरखाली वाकणारा माणूस हत्यारच काढतोय असं समोरचा धरून चालतो. 'गावठी आहे, उडणार नाही' हा हिशेबही नको. असला माल झटापटीत नुसत्या धक्क्यानेही उडू शकतो.

बोलायचं एकानेच. हात छातीच्या उंचीवर, बोटं उघडी. हलण्याआधी सांगायचं: 'चावी ड्रॉवरमध्ये आहे, उजव्या हाताने काढतो.' मागतील ते द्या, न मागितलेलं दाखवू नका. पॅनिक बटण पायाशी हवं आणि भोंगा दुकानात वाजता कामा नये, आवाजाने आतला गडी बिथरतो. जीएसएम डायलरवरून (सिमकार्डवर आपोआप फोन लावणारं यंत्र) गुपचूप फोन जाऊ द्या. फोन जाणाऱ्या नंबरांत शेजारचा दुकानदार असेल तर त्याला आजच बजावा: बाहेरून शटर ओढायचं नाही. चोर कोंडला की तुमची पोरं ओलीस.

फौजदारी_वकील: कायद्याने तुमचे हात बांधलेले नाहीत, एवढं नोंदवतो. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची. जबरी चोरीत कलम ४१ अगदी समोरच्याचा जीव जाईपर्यंत हक्क देतं. पण कलम ३७ प्रमाणे गरजेपेक्षा जास्त इजा चालत नाही, आणि कलम ४३ प्रमाणे तत्काळ मृत्यूची, दुखापतीची किंवा अडकवून ठेवले जाण्याची भीती असेपर्यंतच हक्क टिकतो. बाइकवर बसून निघालेल्याच्या पाठीत गोळी घातली तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही. भावाला हे वाचायला द्या.

तालुक्यातला_सराफ: म्हणजे प्रतिकार कधीच नाही?

खाकी_निवृत्त: माल घेऊनही मागच्या खोलीत नेऊ लागले, गाडीत कोंबू लागले किंवा थेट गोळ्या झाडायलाच लागले, तर करायचा. तेव्हाही पहिला पर्याय पळणं. आडोसा तिजोरीचा घ्या. प्लायवूडच्या काउंटरमधून गोळी आरपार जाते. पळता येत नसेल तर पावडरचा अग्निशामक: पिन ओढा, चेहऱ्यावर मारा, लगेच सटका.

तोंडं झाकलेली असतात, म्हणून बूट बघा, हत्यार कोणत्या हातात आहे ते बघा, बोलीचा हेल ऐका. चौकटीवर फुटांच्या खुणा रंगवून ठेवा, उंची आपोआप कळते. ते गेले की दार आतून लावा, ११२ ला फोन, जखमी असेल तर अँब्युलन्सही लगेच मागा. काउंटर पुसू नका, बघ्यांना आत घेऊ नका, मागे तर मुळीच धावू नका. वॉचमनलाही हेच सांगा, लाठी उगारून तो स्वतःच मरायचा.

अलार्मवाला: राहिलंच. जाताना डीव्हीआरही (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डबा) उचलून नेतात. खरा माळ्यावर कुलपात ठेवा, काउंटरपाशी बंद पडलेला एखादा ठेवा. खऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवा, नाहीतर पुढे वेळेवरून घोळ होतो. स्टॉक रजिस्टर आणि एचयूआयडीची, म्हणजे प्रत्येक दागिन्यावर कोरलेल्या हॉलमार्कच्या वेगळ्या क्रमांकांची यादी रोज संध्याकाळी घरी पाठवा. विम्याचा सर्व्हेअर पहिलं तेच मागतो. दागिना वितळवला तर क्रमांक जातो, पण आख्खा सापडला तर त्यावरूनच तुमचा ठरतो.