मदत हवी आहे: मॉडेल रेल्वेच्या वळणावर रूळ फुगलाय, पावसाआधी कापू का नंतर?

खानापूरला राहतो. सहा बाय चार फुटांच्या १२ मिमी प्लायवर एचओ स्केलचा (१:८७, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या ८७ पट लहान) लेआउट करतोय. लोंढ्याकडच्या घाटासारखं वळण, थर्माकोलचा डोंगर, त्यावर घरामागची चाळलेली तांबडी माती. (मातीवरून आधी चुंबक फिरवा. माझ्या चुंबकाला काळी पूड चिकटली, ती इंजिनाच्या मोटरमध्ये गेली असती.)

रूळ गेल्या ऑगस्टमध्ये, भर पावसात बसवले. फ्लेक्स ट्रॅक (हवे तसे वाकवता येणारे रूळ), १८ इंच त्रिज्या, सांधे एकमेकांना अगदी टेकवून. मार्चमध्ये प्लाय आकसला, रूळ काही आकसले नाहीत. आता एका सांध्यावर बाहेरचा रूळ स्लीपरच्या खिळीतून निसटून वर आलाय आणि इंजिनाचं पुढचं चाक नेमकं तिथेच उतरतं.

खडी फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून चिकटवली आहे. कोमट पाण्याने वीतभर भाग भिजवून सोडवला, रूळ दाबून बसवला. चार दिवसांत पुन्हा वर. प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर डाखलेली आहे, त्यामुळे सांध्यात फट ठेवली तरी करंट तुटणार नाही. प्लायला खालून वॉर्निश नाही. घर भाड्याचं, एसी नाही आणि सगळं उखडून फोम बोर्डवर नेणं यंदा परवडणारं नाही.

आमच्याकडच्या पावसात प्लाय परत फुगणार हे धरून सांगा: रूळ आत्ता मे महिन्यात कापू की पावसानंतर? आणि फट नेमकी किती मिलिमीटर ठेवू?