जुनी गाडी घेतली, मीटरमागे काळ्या टेपचा तुकडा सापडला. पुढे काय करू?

वर्षा_बार्शी · 27 मे 2025

नमस्कार. मी बार्शीत राहते, वैरागकडच्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिकवते. फेब्रुवारीत पुण्यातल्या एका सेकंडहँड गाड्या विकणाऱ्याकडून 2018 ची पांढरी पेट्रोल हॅचबॅक घेतली. एमएच 12, मालक एकच, मीटरला 38,400 किलोमीटर. सव्वाचार म्हणत होता, 3,90,000 ला जमलं. त्यातले दोन लाख माझ्या पतसंस्थेच्या कर्जाचे, हप्ता पगारातून कापला जातो.

घ्यायला मी, मिस्टर आणि धाकटे भावजी असे तिघं गेलो होतो. भावजींना गाडी चालवता येते, पण आतलं कळणारं आमच्यात कुणी नाही. म्हणून मी तीन-तीनदा विचारलं की ॲक्सिडेंट, मोठं काम, काही झालंय का. तो म्हणाला, "ताई, डॉक्टरची गाडी आहे, कव्हर घालून ठेवलेली. डोळे झाकून घ्या."

मार्चमध्ये मागची डावी काच आपोआप खाली यायला लागली. एप्रिलच्या उन्हात एसी लावला की ओल्या पोत्यासारखा वास यायचा. आम्हाला वाटलं, फिल्टर खराब असेल. मग गेल्या आठवड्यात भर मे महिन्यात तो पाऊस झाला, तेव्हा सासूबाईंना दाखवायला सोलापूरला निघालो होतो. एका वळणावर स्टेअरिंग एकदम दगडासारखं जड झालं. समोरून एसटी येत होती. भावजींनी सगळा जोर लावून गाडी कशीबशी डावीकडे घेतली. सासूबाई त्या दिवसापासून गाडीत बसत नाहीत आणि मी त्यांना बस म्हणत नाही.

इथल्या गॅरेजवाल्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं. वरून नवंकोरं. खालचा स्पंज मात्र ओला, आणि पिळला तर चहाच्या गाळासारखं पाणी आलं. मग त्यांनी नुसती चावी फिरवली आणि मला विचारलं, "मॅडम, एअरबॅगचा दिवा कुठे दिसतोय का?" बाकीचे सगळे दिवे लागले, तो लागला नाही. तो चावी फिरवल्यावर लागून काही सेकंदांत विझायला हवा, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी मीटर खोलला. त्या दिव्याच्या बरोबर समोर करंगळीच्या नखाएवढा काळ्या चिकटपट्टीचा तुकडा होता, कात्रीनं नीट गोल कापलेला. तो काढला, परत चावी फिरवली. लाल दिवा लागला तो लागलाच, विझायचं नाव नाही.

काच खराब होते, वायर कुरतडली जाते, हे मी समजू शकते. पण तो गोल तुकडा कुणीतरी बसून, बेतून कापलाय. आत दिवा लागलेला बघून कापलाय. माझी मुलगी पुढच्या सीटवर बसायची हो.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "पावतीवर 'जशी आहे तशी' लिहिलंय, तुम्ही सही केलीय." गॅरेजवाले म्हणतात, स्टेअरिंगची मोटर आणि वायरिंग धरून लाखाच्या पुढे खर्च जाईल, आणि तरी खात्री नाही. दुरुस्त करू का? पैसे परत मागता येतात का? जाणकारांनी कृपया सांगा.

---

मिरजेचा_मिस्त्री · 27 मे

ताई, ही पुरातली गाडी आहे. न बघता सांगतो.

सत्तावीस वर्षं हेच काम करतोय. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-मिरजेत पाणी आलं, त्यानंतर दीड-दोन वर्षं माझ्याकडे अशाच गाड्या येत होत्या. पुराची गाडी धुऊन, वाळवून, सेंट मारून उभी केली की दिवाळीला ओळखू येत नाही, ती पुढच्या पावसात बोलते. नदीचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात बारीक गाळ असतो. तो वायरिंगच्या कनेक्टरमध्ये बसतो आणि पाणी तांब्याच्या तारेतून आत-आत ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. बाहेरून प्लास्टिक स्वच्छ, आत तार हिरवी पडत जाते. म्हणून आज काच, उद्या स्टेअरिंग, परवा आणखी काही. एक बदललं की दुसरं उठतं. तुमचे गॅरेजवाले खात्री देत नाहीत, म्हणजे माणूस सरळ आहे.

एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधोमध, गिअर आणि हँडब्रेकच्या खाली जमिनीला लागून असतं. गाडीत पाणी शिरलं की ते लवकर बुडतं. तो दिवा पेटून राहिलाय म्हणजे गरजेच्या वेळी एअरबॅग उघडेल यावर विसंबू नका. गाडी आता चालवू नका, घरच्यांना तर अजिबात बसवू नका.

खात्री करायची तर एवढं करा. ड्रायव्हरचा सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढा, रोज आपण ओढतो तेवढाच नाही, पार थांबेपर्यंत. धुणारे लोक दिसतो तेवढाच पट्टा धुतात. आतल्या वेटोळ्यात गाळाची रेघ राहते. मग डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा बघा, सीट पुढे-मागे सरकवायच्या रुळांचे बोल्ट बघा. सगळ्याचे फोटो काढा, पण काही पुसू नका.

---

वर्षा_बार्शी · 28 मे

दादा, सकाळीच बघितलं. पट्टा ओढत गेले. तीन हात स्वच्छ, काळाभोर. नंतर एकदम करड्या रंगाचा डाग, सरळ रेषेत, बोट लावलं तर भुकटी. बोटांत चोळली तर खरखर लागली नाही, पिठासारखी मऊ. स्टेपनीच्या खाली एक वाळलेलं पान चिकटलेलं होतं आणि त्याच्याभोवती तीच माती.

मिस्टर काही बोललेच नाहीत, आत जाऊन बसले. गाडी पसंत त्यांनी केली होती.

---

हायवेकर · 28 मे

ताई, कोर्टकचेरीच्या नादाला लागू नका, वर्षं जातात. तीस-चाळीस हजार टाकून काच आणि स्टेअरिंगचं काम करून घ्या, आतून डिटेलिंग करा आणि पाऊस संपला की तीन-सव्वातीनला विकून मोकळ्या व्हा. मार्केटमध्ये सगळे हेच करतात. तुमचं नुकसान निदान लाख-सव्वा लाखावर थांबेल.

---

वर्षा_बार्शी · 28 मे

तुम्ही माझ्या भल्यासाठी सांगताय हे कळतंय, राग मानू नका. पण माझ्याकडे ही गाडी अशीच आली ना? मी विकताना समोरचा विचारेल, "ताई, काही काम निघालंय का?" शिक्षकाची गाडी म्हणून तो विश्वासही ठेवेल. त्याला काय सांगू? आणि दिवा तर पेटलेलाच आहे, म्हणजे मलाही टेप लावावी लागेल. ते माझ्यानं होणार नाही. माझे पैसे बुडाले तरी चालतील, ही गाडी माझ्या हातून पुढे जाणार नाही.

---

काळा_कोट · 29 मे

मी वकिली करतो, ग्राहक आयोगातली कामं बघतो. वर्षाताई, विकली नाहीत हे कायद्याच्या दृष्टीनंही बरं केलंत, गाडी हाच तुमचा पुरावा आहे.

आधी एक साधी गोष्ट बघा. गाडीबरोबर मिळालेल्या इन्शुरन्स पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस', म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के आहे? क्लेम न घेता वर्षं गेली की तो 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के असा चढत जातो. 2018 ची गाडी, मालक एकच, तर 2024 मध्ये तो 50 च्या घरात दिसायला हवा. शून्य असेल तर मधे काहीतरी घडलंय असा संशय घ्या. गाडी बघायला जाताना लोक टायर लाथाडून बघतात, हा कागद मात्र कुणी वाचत नाही.

'जशी आहे तशी' या ओळीनं घाबरू नका. करार कायद्याच्या कलम 17 मध्ये, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं ही फसवणूक आहे. विकणारा नुसता गप्प बसला असता तर "तुम्ही नीट तपासून घ्यायची होती" असा बचाव कलम 19 खाली त्याला मांडता आला असता. पण टेप लावणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. सामान्य ग्राहक मीटर खोलून गाडी घेत नाही. फक्त ती टेप त्यानंच किंवा त्याच्या माहितीनं लावली हे दाखवावं लागेल, आणि तो आधीच्या मालकावर ढकलणार हे धरून चाला.

तुमचा नाजूक मुद्दा वेगळाच आहे. गाडी नावावर करायच्या आरटीओच्या फॉर्म 29 आणि 30 वर विकणारा म्हणून सही कुणाची? बहुतेक जुन्या मालकाची असेल. मग हा म्हणेल, "मी फक्त मध्यस्थ, विक्री त्या दोघांतली." 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं आणि गाडी ताब्यात आल्याची नोंद व्हायची असा नियम आहे, पण बरेच जण अजून कोऱ्या सह्यांवर गाड्या फिरवतात. म्हणून पैसे कुणाच्या खात्यात गेले, पावती कुणाच्या लेटरहेडवर आहे, व्हॉट्सॲपवर बोलणं कुणाशी झालं, हे सगळं काढून ठेवा.

तक्रारीसाठी पुण्याला जायची गरज नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा आयोगात ती करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी पोच मिळेल अशा पोस्टानं नोटीस द्या. आणि गॅरेजवाल्यांकडून तपासणीचं बिल सविस्तर लिहून घ्या, तारीख, मीटर रीडिंग आणि टेपच्या उल्लेखासह.

---

वर्षा_बार्शी · 1 जून

पॉलिसीवर शून्य आहे. पॉलिसी नोव्हेंबर 2024 ची.

जुन्या मालकांचं नाव आणि पत्ता कागदावर होता. दोन दिवस फोन करावा की नाही या विचारात गेले. तेही यात सामील असतील असं वाटत होतं. शेवटी काल केला. ते डॉक्टर नाहीतच, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. मी गाडीचा नंबर सांगितला तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "ती गाडी रस्त्यावर आहे?"

ते सिंहगड रोडला एकतानगरीत राहतात. 25 जुलै 2024 ला पहाटे मुठा नदीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा गाडी पार्किंगला होती, त्यांना खाली उतरताच आलं नाही. पाणी डॅशबोर्डपर्यंत गेलं होतं. इन्शुरन्स कंपनीनं टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असं, धरून पैसे दिले आणि सांगाडा म्हणून गाडी उचलली गेली. तेव्हा त्यांनी कागदांवर सह्या दिल्या होत्या. "मी तर सुट्या भागांसाठी जातेय असं समजून सह्या केल्या," म्हणाले. नोव्हेंबरची पॉलिसी त्यांच्या नावावर आहे, पण ती त्यांनी काढलेलीच नाही.

त्यांनी मला फोटो पाठवलाय. पाणी उतरल्यानंतरचा. तीच पांढरी गाडी, नंबर स्पष्ट, आणि दारांवरून आरशाच्या खाली एक आडवी तपकिरी रेघ. मी अंगणात गेले आणि आमच्या गाडीच्या दारावर त्या उंचीला हात ठेवून बघितला. माझी मुलगी सीटवर बसली की तिचा खांदा तिथे येतो.

त्यांना राग कुणाचा आला असेल तर स्वतःच्या सह्यांचा. ते साक्ष द्यायला तयार आहेत.

---

मिरजेचा_मिस्त्री · 1 जून

डॅशबोर्डपर्यंत पाणी म्हणजे फ्यूज बॉक्स, मीटर, सगळंच बुडालं. ताई, यात एक रुपयाही घालू नका. आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. आतून सडलेली वायर शॉर्ट होऊन उभी गाडी पेटल्याचं मी एकदा बघितलंय. गाडी घराच्या भिंतीला लागून असेल तर बाजूला घ्या.

---

काळा_कोट · 2 जून

त्या काकांचा क्लेम नंबर आणि कंपनीचं सेटलमेंटचं पत्र मिळवा, ते फोटोपेक्षा वजनदार. नोव्हेंबरची पॉलिसी आपण काढलेली नाही हेही त्यांच्याकडून लेखी घ्या. आता हा निव्वळ ग्राहक तक्रारीचा विषय राहिलेला नाही, पोलिसांकडे फसवणुकीचा अर्जही द्या. नोटिशीत त्याला "डॉक्टरची गाडी" या वाक्यासह सगळं लिहा.

---

वर्षा_बार्शी · 14 जून

नोटीस 5 तारखेला पाठवली. 11 ला त्याचा स्वतःहून फोन आला, आवाज एकदम मऊ. "ताई, गाडी घेऊन या, अडीच लाख रोख देतो, विषय संपवू." मी विचारलं, गाडीचं पुढे काय करणार? म्हणाला, "ते तुम्ही कशाला बघता?"

मी नाही म्हटलं. पूर्ण रक्कम खात्यात, आणि गाडी भंगारात काढून नोंदणी रद्द झाल्याचा कागद, या दोन्हीशिवाय चावी देणार नाही असं सांगितलं. त्यानं फोन ठेवला. काळा_कोट सर, तुम्ही म्हणालात त्याप्रमाणे इथल्या पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली. आयोगातली तक्रार येत्या आठवड्यात सोलापूरला दाखल करतोय. काका पुण्याहून येणार आहेत.

टेपचा तो तुकडा गॅरेजवाल्यांनी प्लास्टिकच्या पुडीत घालून, वर तारीख टाकून, सही करून दिलाय. सोमवारी, 16 तारखेला शाळा उघडतेय. वैरागला एसटीनं जाईन.