सॅम्पलिंग म्हणजे चोरी? साफ असहमत

बाराबिट : काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, "सॅम्पलिंग म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, आणि हिपहॉपखाली ठोका टाकला की झाला रीमिक्स." वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. (सॅम्पलिंग म्हणजे जुन्या रेकॉर्डमधला आवाजाचा तुकडा उचलून त्यातून नवं गाणं बांधणं.)

एसपी-१२०० हे १९८७ चं सॅम्पलिंगचं यंत्र. त्यात सगळा मिळून जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावायचा. मग पोरं मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने पळवून आवाज भरून घ्यायची आणि यंत्रात वेग पुन्हा खाली उतरवायची. जागा वाचायची आणि आवाजाला दाणेदार खरखर यायची. त्या खरखरीवर आपण सगळे जीव टाकतो ना? ती घाम गाळून आली आहे.

आणि रीमिक्सचं म्हणाल तर रन-डीएमसी या अमेरिकन हिपहॉप गटाचं 'इट्स लाइक दॅट' १९८३ चं. डीजे जेसन नेव्हिन्सने १९९७ मध्ये त्याला हाउसचा, म्हणजे क्लबातल्या नाचाच्या संगीताचा ठोका दिला आणि पुढच्या वर्षी ते ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या नंबरावर होतं. मला मूळ गाणं कळलं ते त्यामुळेच.

ताशेवाला : पहिला नंबर हा काय पुरावा झाला? मूळ गाण्यात दोन ठोक्यांच्या मध्ये मोकळी जागा आहे. शब्द तिथेच आदळतात. नेव्हिन्सने ती बुजवून टाकली.

आणि घाम कोणाचा म्हणालात? १९६९ मध्ये 'आमेन, ब्रदर' या गाण्यात ग्रेगरी कोलमनने सहा-सात सेकंद ड्रम वाजवले. जंगल आणि ड्रम अँड बेस या नाचाच्या संगीतप्रकारांचा अख्खा संसार त्या तुकड्यावर थाटला गेला. कोलमन २००६ मध्ये अटलांटात बेघर होऊन गेला. दमडी मिळाली नाही त्याला.

बाराबिट : कोलमनचं मान्य. पण सॅम्पलसाठी परवानगी सक्तीची करून कोणाचं भलं झालं? १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीच्या सॅम्पलिंगच्या खटल्याचा निकाल न्यायाधीशाने "चोरी करू नकोस" या बायबलातल्या आज्ञेने सुरू केला. तेव्हापासून वकिलांची चांदी. सॅम्पलनी भरलेला डी ला सोल या हिपहॉप गटाचा १९८९ चा पहिला अल्बम स्ट्रीमिंगवर यायला २०२३ उजाडलं!

खर्जातली : परदेशातलं कशाला, आपलंच बघा. २००२ च्या 'ॲडिक्टिव्ह' या अमेरिकन गाण्यात लताबाईंचं 'थोडा रेशम लगता है' सरळ उचललं होतं. बप्पी लाहिरींचं नाव दिल्याशिवाय विकू नका, असं लॉस एंजेलिसच्या कोर्टाने बजावलं. संगीतकाराला निदान नाव मिळालं. वादकांचं काय?

माझे बाबा रेकॉर्डिंगला ढोलकी वाजवायचे. शिफ्टचे पैसे हातात, कागदावर सही, विषय संपला. एकदा रिक्षात एक रीमिक्स लागलं होतं. बाबा एकदम म्हणाले, "हा मी आहे." त्या दिवशी त्यांच्या डाव्या हाताचं बोट कापलं होतं, म्हणून धुमाची, म्हणजे ढोलकीच्या डाव्या तोंडाची थाप दबलेली. तीच दबलेली थाप, दर चार मात्रांनी, पाच मिनिटं. घरी येऊन ते जेवले नाहीत.

बाराबिट : ताई, वाईट वाटलं. पण त्यांना रीमिक्सवाल्याने नाही, शिफ्टवाल्याने बुडवलं. परवानगी घेतली असती तरी पैसे कंपनीलाच गेले असते.

खर्जातली : म्हणजे आधीच लुटलेल्या माणसाला पुन्हा लुटायला हरकत नाही? हे तुम्ही माझ्या बाबांना समोर बसून सांगाल?

ताशेवाला : +१. सांगा ना आता.

बाराबिट : तुम्ही मध्ये तेल ओतू नका. ताई, नाही सांगू शकणार. चुकलं माझं. सॅम्पलिंग चोरी नाही यावर मी ठाम आहे, पण "पैसे कंपनीलाच जातात" ही सबब मी पुन्हा देणार नाही. मूळ गाणं कोणतं ते सांगा. मी कार्यक्रमात लावतो तेव्हा मूळ कलाकारांची नावं माइकवर घेतो, बाबांचंही घेईन.

खर्जातली : व्यनि (खाजगी निरोप) केलाय. ती रेकॉर्ड घरात आहे. कव्हरवर गायिका, गीतकार, संगीतकार सगळे आहेत. वादक एकही नाही. त्यामुळे नाव माझ्याकडूनच घ्यावं लागेल.

ताशेवाला : हे चांगलं झालं. नेव्हिन्सने मात्र गाणं बुजवलंच.